आठ गट, एकच प्रिंट

२०२३च्या डिसेंबरात मी नववीच्या वर्गाला एक प्रकल्प दिला. विषय वेरूळची लेणी. एक्केचाळीस मुलं, आठ गट, मुदत दहा दिवस. खुलताबादहून घाट उतरला की वेरूळ चारेक किलोमीटरवर. वर्गातल्या एकाचे वडील लेण्यांच्या पार्किंगजवळ पेरू विकतात, एकीचा मामा तिथं रिक्षा चालवतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. मंगळवार सोडला तर लेणी रोज उघडी असतात.

दहा दिवसांनी आठ फाइली आल्या. स्पायरल बायंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर, पहिल्या पानावर गटातल्या सगळ्यांची नावं. छान दिसत होत्या. तिसऱ्या फाइलीला मला काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं, आणि पाचव्या फाइलीत ते सापडलं. कैलास लेणं खोदवण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं तो आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा म्हणजे कृष्ण पहिला. फाइलीत छापलं होतं, ‘कृष्ण पाहिला’. मी मागच्या फाइली पुन्हा उघडल्या. आठही फाइलींत राजा ‘पाहिला’च होता. बसस्टँडजवळच्या एकाच मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानातून, एकाच पीडीएफमधून आठ प्रिंट निघाल्या होत्या. बदललं होतं ते नावांचं पान.

एकही गट वेरूळला गेला नव्हता.

मी काय केलं? प्रत्येक गटाला दहापैकी सात-आठ गुण दिले. मुलांना गोल करून बसवलं, मध्ये फाइली ठेवल्या, फोटो काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली तीन अंगठे आले. गटकार्यही झालं होतं, तंत्रज्ञानाचा वापरही झाला होता. नोंदवहीतल्या दोन्ही रकान्यांत मी खूण केली.

तुम्ही हे मोबाइलवर वाचत असाल, आणि शाळा सोडून तुम्हाला फार वर्षं झाली नसतील, तर अशी एखादी फाइल तुम्हीही केली असेल. तुम्हाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. ‘मोबाइलनं पोरं बिघडली’ हे वाक्य स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्यांचा मोबाइल तेव्हा हातातच असतो. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या आठ गटांमधल्या मुलांना एकमेकांची गरज कुठं पडली? आणि पडली नसेल, तर त्याला गट का म्हणायचं?

पाठ्यपुस्तकातली क्रियापदं

मी मराठी आणि इतिहास शिकवते. त्यामुळे कुठलाही मजकूर हातात आला की आधी क्रियापद बघायची सवय आहे. बालभारतीची अलीकडची पुस्तकं त्या नजरेनं वाचून पाहा. धड्याच्या मजकुराइतकाच जीव चौकटींमध्ये आहे. ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’, ‘माहिती मिळवा’, ‘चर्चा करूया’. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर, आणि महाराष्ट्रात विशेषतः २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासननिर्णयानंतर, ही भाषा शाळाशाळांत पोचली. ज्ञानरचनावाद हा शब्द आमच्या तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळांतही ऐकू येऊ लागला. फरशीवर ऑइलपेंटनं आकडे-अक्षरं रंगली, बाकं सरकली, मुलं गोलात बसली. माझ्या पिढीनं शाळेत फक्त फळा आणि सरांची पाठ पाहिली, त्यामुळे मला हे बदल मनापासून आवडले. आजही आवडतात.

पण चौकटींमधली क्रियापदं एका जातीची नाहीत. ‘करून पहा’ म्हणताना पुस्तक गृहीत धरतं की उत्तर अजून कुणाच्या हातात नाही, हात घातल्यावर काय होतं ते बघायचंय. ‘माहिती मिळवा’ म्हणताना माहिती आधीच कुठंतरी तयार पडलेली आहे, ती उचलून आणायची आहे. ‘करून पाहा’यला चार जण लागतात. एकानं धरायचं, एकानं ओतायचं, एकानं मोजायचं, एकानं लिहायचं. ‘मिळवा’यला एकच जण पुरतो, आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात.

विज्ञानाच्या वरच्या इयत्तांच्या पुस्तकांत आणखी एक चौकट आहे, ‘इंटरनेट माझा मित्र’. हेतू चांगला आहे. तरी मित्र या शब्दापाशी मी थांबते. वर्गातला मित्र कधी आजारी पडतो, कधी ‘माझ्याकडं नाही बा’ म्हणतो, कधी चुकीचं सांगतो आणि मग भांडण होतं. गटात शिकण्यातलं बरंचसं शिकणं त्या भांडणात असतं. इंटरनेट नावाचा मित्र ‘माझ्याकडं नाही’ असं जवळपास कधीच म्हणत नाही. तो सगळ्यांना एकच उत्तर, एकाच वेळी, तक्रार न करता देतो. आठ गट त्याच्याकडे गेले आणि आठही जण कृष्ण ‘पाहिला’ घेऊन आले.

परितेवाडीचा क्यूआर कोड

वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल महाराष्ट्रात बोलायचं तर रणजितसिंह डिसले यांचं नाव येणारच. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडी, तिथली जिल्हा परिषदेची शाळा, पुस्तकावर चिकटवलेले क्यूआर कोड, आणि डिसेंबर २०२० मध्ये मिळालेला दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांमध्ये वाटून टाकली. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी पेढे आले होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं नाव जगात घेतलं जातंय, याचा आनंद खरा होता.

पण त्या गोष्टीतला एक भाग सत्कारांमध्ये निसटून गेला. परितेवाडीच्या पुस्तकावर पहिल्यांदा कोड चिकटला तेव्हा तो स्कॅन केल्यावर त्या मुलांच्या गुरुजींनी त्या मुलांसाठी जमवलेलं काहीतरी समोर यायचं. कवितेचा आवाज, व्हिडिओ, गोष्ट, स्वाध्याय. कोड नुसता दरवाजा होता आणि आत ओळखीचा माणूस बसलेला होता. पुढे राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांवर कोड छापले गेले, २०१७ मध्ये केंद्राचं ‘दीक्षा’ व्यासपीठ आलं. आता गडचिरोलीतल्या आणि गिरगावातल्या मुलाला त्याच दारामागे तोच व्हिडिओ भेटतो. पोच वाढली, हे मोठंच काम झालं. ज्या शाळेत विज्ञानाचा शिक्षकच नाही तिथं तो व्हिडिओ आधार आहे, हे मी नाकारणार नाही. पण एका शिक्षकाचं त्याच्या मुलांशी चाललेलं बोलणं राज्यभर वाटलं की ते बोलणं राहत नाही, प्रसारण होतं.

म्हणून डिसल्यांकडून आम्ही शिक्षकांनी काय घेतलं, हे मला तपासावंसं वाटतं. आम्ही कोड घेतला. ‘माझ्या वर्गासाठी मी काय तयार करू’ हा प्रश्न परितेवाडीतच राहिला.

भिंतीतलं भोक आणि एकच मोबाइल

दुसरी गाजलेली गोष्ट सुगता मित्रांची. १९९९ मध्ये दिल्लीतल्या कालकाजी भागात, त्यांच्या कार्यालयाच्या भिंतीत भोक पाडून एक संगणक वस्तीच्या बाजूनं बसवला गेला. पोरं जमली, बटणं दाबत बसली, कुणी न शिकवता बरंच काही शिकली. पुढे २०१३ मध्ये मित्रांना टेड पुरस्कार मिळाला आणि जगभर एक वाक्य फिरू लागलं, की मुलांना शिक्षकाची गरज नाही, इंटरनेट द्या आणि बाजूला व्हा. मित्रांचं म्हणणं याहून गुंतागुंतीचं आहे, पण फिरलं ते एवढंच.

या प्रयोगावर टीकाही झाली. पायल अरोरा या अभ्यासक उत्तराखंडात अल्मोड्याच्या बाजूला अशी केंद्रं बघायला गेल्या, तर ती बंद पडलेली होती. मला मात्र या गोष्टीतली एक साधी बाब जास्त महत्त्वाची वाटते. संगणक एक होता आणि पोरं पुष्कळ. ती गोळा झाली कारण वाटून घेण्यावाचून इलाज नव्हता.

हे मी कोरोनात डोळ्यांनी पाहिलं. मार्च २०२०ला शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं अभियान आलं. शिक्षण सुरू राहायला घरात मोबाइल लागत होता. माझ्या तेव्हाच्या आठवीतल्या कितीतरी मुलांच्या घरी स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांबरोबर सकाळी शेतात किंवा कामावर जायचा. पावसाळ्यात मी एका वाडीवर स्वाध्याय द्यायला गेले तर मारुतीच्या पारावर सहा पोरं एका फोनभोवती बसलेली. रेंज फक्त तिथंच. आदल्या दिवशी पाठवलेला व्हिडिओ एकानं रात्री डाउनलोड करून ठेवलेला. तो चालू, बंद, परत मागं. ‘थांब ना, काय म्हणल्या मॅडम?’ ‘अरे तसं नाही, भागाकार आहे तो.’ त्या एका तासात जेवढी गटचर्चा झाली तेवढी माझ्या वर्गात वर्षभरात झाली नव्हती.

आता त्यातल्या बहुतेकांकडे स्वतःचा फोन आहे. पार रिकामा आहे.

पण या आठवणीत मी फार रमणार नाही, कारण तिच्यात एक खोट आहे. त्या सहा पोरांत मुलगी एकच होती. ती सगळ्यात मागं, उभी होती. तिला पडदा दिसत नव्हता, ती ऐकून वहीत लिहीत होती. भावाला घरून तिनं लिहून आणायला सांगितलं होतं की तिच्यासाठी ती आली होती, हे मी तेव्हा विचारलं नाही.

अक्षर चांगलं असलेली मुलगी

कुठल्याही वर्गात गट पाडा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. मोबाइल, टॅब किंवा कात्री, जे काही साधन असेल ते एका मुलाच्या हातात जातं. एक जण पुढारी होतो. एक जण गटात असतो आणि नसतोही. आणि एका मुलीला सांगितलं जातं, ‘तू लिही, तुझं अक्षर चांगलंय.’ ती लिहिते. सादरीकरण मुलगा करतो. टाळ्या गटाला मिळतात.

गटकार्याबद्दलच्या प्रशिक्षणांत हे कुणी सांगत नाही. तिथं गट म्हणजे आपोआप समानता असं समजलं जातं. गावात जात, धर्म, पैसा, मुलगा-मुलगी या सगळ्याची जी उतरंड असते ती वर्गाच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवली जात नाही. शिक्षकानं काही केलं नाही तर गट त्या उतरंडीची छोटी प्रत होतो, आणि त्यात एक फोन टाकला की ती प्रत जास्त वेगानं चालते.

‘गट करू द्यावा की नाही’ असा वाद मग निरर्थक ठरतो. गटात कुणाकडे काय आहे, आणि जे एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे नाही अशी सोय कुणी केली आहे का, हे विचारायला हवं.

बार्बियाना आणि ऑस्टिन

ही सोय केलेली दोन उदाहरणं मला ठाऊक आहेत, आणि दोन्हींत पडदा नाही.

पहिलं इटलीतलं. फ्लॉरेन्सच्या उत्तरेला डोंगरात बार्बियाना नावाची विखुरलेली वस्ती. १९५४च्या डिसेंबरात लोरेंझो मिलानी नावाचे पाद्री तिथं आले आणि सरकारी शाळेनं नापास करून घरी पाठवलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांची शाळा त्यांनी सुरू केली. १९६७ मध्ये त्या शाळेतल्या आठ मुलांनी एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेलं पुस्तक प्रसिद्ध झालं. पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, मिलानी गेले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावानं आलेलं आहे. आजवर ते गरिबांना गाळणाऱ्या शाळेवरचा हल्ला म्हणून वाचलं गेलं, आणि ते तसं आहेच. मी मात्र ते गटकार्याचं पुस्तक म्हणून वाचते.

कारण ते आठ जणांनी मिळून लिहिलंय, आणि कसं लिहिलं तेही त्यात सांगितलंय. प्रत्येकाच्या खिशात वही. सुचलं की टिपायचं. मग एकेक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर, एकाच बाजूनं. सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या. दोनदा आलेलं काढायचं, जवळजवळच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांचे भाग, भागांचा क्रम. मग वाक्यावाक्यावर कात्री. शेवटी बाहेरच्या माणसाला वाचून दाखवायचं, आणि शक्यतो फार न शिकलेल्या माणसाला, म्हणजे कुठं अडतं ते कळतं.

यात तंत्रज्ञान आहेच, चिठ्ठी हेच ते. पण या चिठ्ठीचा एक गुण आमच्या पीडीएफमध्ये नाही. तिच्यावर एका मुलाच्या आयुष्यातलं काहीतरी असतं, जे बाकी सात जणांना ठाऊक नसतं. ती टेबलावर आली नाही तर पुस्तकात तेवढी जागा रिकामी राहते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, टेक्सासमधल्या ऑस्टिनचं. १९७१ मध्ये तिथल्या शाळांमधलं वर्णावर आधारलेलं वेगळेपण मोडून गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात आणलं गेलं. भांडणं पेटली. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाला बोलावणं गेलं. त्यानं वर्गात बसून पाहिलं, तर वर्ग म्हणजे स्पर्धा होती. बाई प्रश्न विचारणार, हात वर होणार, एक जिंकणार. त्यानं धड्याचे तुकडे केले. मिश्र गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. समोरच्या अडखळत बोलणाऱ्या मुलाकडे जो भाग आहे तो दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि परीक्षा सगळ्या धड्यावर. त्यामुळे त्याची टिंगल करणं परवडेना, त्याला नीट प्रश्न विचारावे लागले. या पद्धतीला जिगसॉ म्हणतात. बीएडला मी तिच्यावर पाच गुणांची टीप लिहिली होती. ती भांडणातून निघाली होती, हे टिपेत नव्हतं.

मार्च २०२५

ते मला आमच्याच गावात कळलं.

२०२५च्या मार्चमध्ये औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीवरून राज्य तापलं. १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. खुलताबादेत बंदोबस्त वाढला, कबरीच्या बाजूनं पत्रे लागले, वाहिन्यांच्या गाड्या आल्या. एरवी आमच्या गावाचं नावही नीट न उच्चारणारे लोक गावाबद्दल रात्रंदिवस बोलू लागले. आणि ते सगळं बोलणं मुलांच्या खिशात होतं. त्या वर्षीची नववी माझ्याकडे होती, अडतीस मुलं. स्टेटस बदलत होते. कुणी काय ठेवलं, कुणी त्याखाली काय लिहिलं, याच्या स्क्रीनशॉटची देवघेव चालू होती. एका बाकावर बसून डबा खाणारी दोन पोरं वेगवेगळ्या रांगांत जाऊन बसली. कुणी कुणाला काही बोललं नाही. ते न बोलणंच जास्त वाईट होतं.

भाषण द्यायची माझी हिंमत नव्हती, आणि भाषणानं काही झालंही नसतं. मी गट पाडले, पण यावेळी माझ्या यादीप्रमाणे. पाच विषय काढले, सगळे आमच्याच शिवारातले. मलिक अंबर, ज्याची कबर इथं आहे. बुऱ्हाणुद्दीन गरीब, चौदाव्या शतकातले सूफी. भद्रा मारुती. एकनाथांच्या तपश्चर्येची जागा मानला जाणारा शूलिभंजन. आणि मालोजीराजे भोसले नि अहिल्याबाई होळकर यांनी जीर्णोद्धार केलेलं घृष्णेश्वर. गटातल्या प्रत्येकाला एक विषय, चिठ्ठी टाकून. ज्याला जो निघेल तो. अदलाबदल नाही.

नियम एकच होता. नेटवर सापडेल ते आणायचं नाही. घरातल्या किंवा गल्लीतल्या मोठ्या माणसाला विचारायचं, आणि मोबाइल वापरायचा तो फक्त त्यांचा आवाज रेकॉर्ड करायला. दोन मिनिटं, जास्त नाही. आणि मग वर्गात फोन न उघडता गटाला सांगायचं.

भद्रा मारुतीची चिठ्ठी एका मुस्लिम मुलाला निघाली. तो चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला, मी मान हलवली, तो परत गेला. त्याच्या वडिलांचा चहाचा गाडा आहे. श्रावणातल्या शनिवारी शहरातून रात्रभर पायी चालत येणाऱ्या लोकांसाठी ते गाडा रात्रभर चालू ठेवतात, पहाटे दोन ते चार सगळ्यात जास्त चहा जातो, आणि अनवाणी आलेल्यांसाठी वडील एक बादली पाणी बाजूला ठेवतात, हे त्यानं आणलं. त्याच्या गटातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं, दरवर्षी चालत येणाऱ्यालाही नाही. बुऱ्हाणुद्दीन गरिबांचा विषय निघालेल्या एका मुलीनं आजीला विचारलं. आजीला सूफी वगैरे काही सांगता आलं नाही. तिनं ७२च्या दुष्काळाचं सांगितलं. खडी फोडायला जायचो, सुकडी मिळायची, आणि दुपारी दर्ग्याच्या सावलीला सगळ्या बाया बसायच्या, कोण कुठली ते कुणी विचारायचं नाही. मुलगी म्हणाली, ‘मॅडम, विषय सोडून झालंय का हे?’ मी म्हटलं, हाच विषय आहे.

सगळं काही जमलं नाही. सहा-सात जणांनी आणलंच नाही. दोघांनी यूट्यूबवरचं ऐकून ‘काकांनी सांगितलं’ म्हणून ठोकून दिलं. एका मुलीचं रेकॉर्डिंग फार सुंदर होतं म्हणे, पण फोन भावाचा, त्यानं जागा करायला ते उडवलं. मग तिनं आठवून सांगितलं, आणि रडली. एका पालकाचा फोन आला की माझ्या पोराला हाच विषय का दिला. मी चिठ्ठीचं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

आणि ती दोन पोरं? ती मी मुद्दाम एका गटात घातली होती. एकाकडे मलिक अंबर, दुसऱ्याकडे घृष्णेश्वर. तिसऱ्या दिवशी एकानं वहीकडे बघत विचारलं, ‘तुझ्याकडं काय आलंय?’ दुसऱ्यानं सांगितलं. पहिल्यानं लिहून घेतलं. मैत्री वगैरे परत झाली नाही, रांगा वेगळ्याच राहिल्या. ३० मार्चला पाडवा होता, ३१ला ईद, मग परीक्षा. एवढंच झालं. त्यातून मी कुठलाही मोठा निष्कर्ष काढणार नाही. पण ते वाक्य बोलायला त्याला कारण लागत होतं, आणि ते कारण कुठल्याही ॲपमध्ये नव्हतं.

फोटोत काय दिसतं

त्या दिवशीही मी फोटो काढला, कारण तो टाकावाच लागतो. रात्री मोबाइलमध्ये जागा करताना डिसेंबर २०२३चा फोटो समोर आला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. मुलं गोलात बसलीयत, मध्ये कागद, कुणी हसतंय, मागं फळा. काही फरक नाही. एका फोटोत आठ गटांनी एक पीडीएफ आणली होती, दुसऱ्यात एक मुलगी आजीचा दुष्काळ सांगत होती. वर ज्यांच्याकडे हे फोटो जातात त्यांच्या दृष्टीनं दोन्ही दिवस सारखेच यशस्वी.

रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी तुम्ही वाचली नसेल तर जरूर वाचा. प्रौढ साक्षरता अभियानात गुरुजी लोक कागदावर गाव साक्षर कसं करतात, याची ती गोष्ट. वाचताना हसून पोट दुखतं, आणि मग हसू गळ्यात अडकतं. त्यातले गुरुजी वाईट नाहीत. पुरावा मागणाऱ्या यंत्रणेला ते पुरावा देतात, बस. माझ्या मते मराठीत शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरचीही ती सगळ्यात चांगली कादंबरी आहे, जरी तिच्यात एकही मोबाइल नसला तरी. कारण तिथल्या खोट्या याद्या आणि आजच्या आमच्या लिंका, फोटो, टक्के यांचं काम एकच आहे. तेव्हा कागद रंगवायला निदान रात्र जागावी लागायची. आता फोटो एका सेकंदात निघतो, आणि खरा असतो. त्यात खोटं असं काही नसतंच. मुलं खरंच गोलात बसलेली असतात.

तेव्हा माझी तक्रार मोबाइलबद्दल नाही, आणि गटाबद्दल तर नाहीच. काम दिसलं की झालं असं मानायची सवय या दोन्हींना लागली आहे, त्याबद्दल आहे. ती सवय मलाही लागली होती. त्या सात-आठ गुणांवर सही माझी आहे.

नववीला परत वेरूळचा प्रकल्प द्यायचा आहे. यावेळी प्रत्येक गटाला एकच लेणं देणार आहे, आणि गटातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न. कुणी पायऱ्या मोजायच्या. कुणी दुपारी ऊन कुठपर्यंत आत येतं ते बघायचं. कुणी तिथं झाडणाऱ्या मावशींशी बोलायचं. कुणी दहाव्या लेण्यात उभं राहून एक शब्द म्हणायचा आणि तो किती वेळ घुमतो ते मोजायचं. मोबाइल न्यायचा, स्टॉपवॉच त्यातच आहे. लिहायचं काम अक्षर वाईट असलेल्यानं करायचं, सादरीकरण अक्षर चांगलं असलेलीनं.

काल वर्गात सांगितलं तर मागून प्रश्न आला, ‘मॅडम, म्हणजे खरंच जायचं?’

खरंच जायचं. मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून बुधवार ठरवलाय.